स्वतःचें टपालघर : पत्र कोठें अडलें?

लोअर परळ स्थानकाबाहेर सकाळीं लोटणारी गर्दी एके काळीं गिरण्यांच्या भोंग्यावर चालत असे. १९८२ च्या जानेवारींत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढील वर्षांत एकामागून एक गिरण्या थंडावल्या आणि फिनिक्स, कमला, मथुरादास या नांवांच्या आवारांत दुकानें व कचेऱ्या उभ्या राहिल्या. मागावर धागा तुटला कीं तें विणकराच्या तत्काळ ध्यानीं येई. माग थांबवून तो गांठ मारी आणि काम पुढें चालू करी. आजच्या कचेऱ्यांचा धागा म्हणजे ई-मेल. हा धागा तुटतो तेव्हां कांहींच थांबत नाहीं. पाठविणाऱ्याला वाटतें, पत्र गेलें. ज्याच्याकडे जावयाचें त्याला वाटतें, पत्र लिहिलेंच नाहीं. आणि या दोन समजुतींच्या मधल्या पोकळींत एखादें बिल, एखादी निविदा, एखाद्या उमेदवाराची नेमणूक नाहींशी होते.

बहुतेक कचेऱ्या आपलें हें टपाल मोठ्या कंपन्यांच्या स्वाधीन करून निश्चिंत होतात. परंतु एखादा वकील, एखादा हिशेबतपासनीस, एखादी लहान प्रकाशनसंस्था आपला मेल-सर्व्हर आपणच चालविते. त्यामागील कारणें साधार आहेत. अशिलांचीं पत्रें परक्याच्या कपाटांत राहूं नयेत. माणसें वाढलीं कीं माणशीं भाडें वाढूं नये. कंपनीनें एखाद्या दिवशीं खातें बंद केलें तर वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार एका क्षणांत हातचा जाऊं नये. असा सर्व्हर म्हणजे स्वतःचें टपालघरच होय. मात्र टपालघराचा जो मालक, तोच त्याचा पोस्टमास्तर, तोच सॉर्टर आणि तोच पोस्टमन. पत्र अडलें तर तक्रार ज्याच्याकडे न्यावयाची तो अधिकारीहि तोच. म्हणून पत्र कोठें अडलें हें शोधण्याची विद्या त्याला अवगत असली पाहिजे.

या विद्येचा पहिला धडा असा कीं, पत्र जाणें आणि पत्र येणें हे दोन निरनिराळे प्रवास आहेत. येणाऱ्या पत्राला दोनच गोष्टी हव्या असतात : घराचा खरा पत्ता आणि उघडें दार. जाणाऱ्या पत्राला याहून अवघड वस्तु हवी असते, ती म्हणजे पत. ही पत कां लागते, तें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे ज्या रीतीनें जातें ती रीत जॉन पोस्टेल यांनीं १९८२ मध्यें लिहून ठेविली. त्या वेळीं जाळ्यावर विद्यापीठें आणि संशोधनसंस्थाच होत्या. मुंबईंतहि १९८६-८७ च्या सुमारास राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय.आय.टी. यांच्यामध्यें टेलिफोनच्या तारेवरून संगणकाचीं पत्रें जाऊं लागलीं, तेव्हां दोन्हीं टोंकांचीं माणसें एकमेकांना ओळखत होतीं. ओळखीच्या लोकांत पाकिटावरील नांवाची शहानिशा कोण करतो? त्या मूळ रीतींत पाठविणाऱ्याचें नांव खरें कीं खोटें हें तपासण्याची कांहींच सोय नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांना खुलें केलें. जगांतहि त्याच सुमारास तें पसरलें. आणि खोट्या नांवाच्या, फसवणुकीच्या पत्रांचा लोंढा सुरू झाला. तेव्हांपासून प्रत्येक मोठें टपालघर दारावर उभें राहून अनोळखी जासुदाला विचारतें : तूं कोणाचा, आणि पुरावा काय? लहान टपालघराचीं निम्मीं दुखणीं या एका प्रश्नाला उत्तर देतां न आल्यानें उद्भवतात.

आतां शोधाची रीत पाहूं. उदाहरणासाठीं एखाद्या जुन्या गिरणीच्या आवारांतील दहा माणसांची कचेरी डोळ्यांसमोर आणावी. सोमवारीं सकाळीं कोणी सांगतो, “मेल जात नाहीं.” हें वाक्य म्हणजे “पोटांत दुखतें” एवढेंच सांगण्यासारखें आहे. चांगला वैद्य लगेच औषध देत नाहीं, तो विचारतो. एकाचेंच पत्र अडलें कीं सर्वांचें? एकाच पत्त्यावरचें कीं सगळ्या? परत येऊन कांहीं निरोप आला कीं नुसती शांतता आहे? केव्हांपासून? आणि त्याच्या आदल्या दिवशीं कोणी काय बदललें? या पांच प्रश्नांनीं शोधाचें क्षेत्र पुष्कळच आंखडतें. एकाचेंच पत्र अडत असेल तर दोष बहुधा त्याच्या संगणकांत किंवा पासवर्डांत असतो. एकाच पत्त्यावरचें अडत असेल तर त्या बाजूच्या नियमांत. सर्वांचें सगळीकडचें अडत असेल तर सर्व्हरांत किंवा त्याच्या तारेंत.

त्यानंतर सर्व्हरची रोजनिशी, जिला लॉग म्हणतात, ती उघडावी. दोन सर्व्हर भेटतात तेव्हां त्यांच्यांत ठराविक संवाद होतो. पाठविणारा आपलें नांव सांगतो, पत्र कोणाचें व कोणासाठीं तें सांगतो, मग पत्र देतो. आणि प्रत्येक पायरीवर समोरचा तीन अंकी उत्तर देतो. उत्तर दोनच्या आंकड्यानें सुरू झालें तर काम झालें. चारानें सुरू झालें तर अर्थ असा कीं, आतां नाहीं, पुन्हा या. पांचानें सुरू झालें तर पत्र कायमचें नाकारलें. पाठोपाठ येणारा ५.१.१ हा आंकडा, तसा माणूस येथें नाहीं असें सांगतो, ५.२.२ म्हणजे त्याची पेटी भरली आहे, आणि ५.७ नें सुरू होणारा आंकडा आला तर समजावें कीं प्रश्न पत्त्याचा नाहीं, पतीचा आहे. हें उत्तर न वाचतां सेटिंगें बदलीत सुटणें म्हणजे परत आलेल्या पाकिटावरचा शेरा न वाचतांच नवें तिकीट लावून तें पुन्हा पेटींत टाकणें होय.

रोजनिशींत पत्राचें नांवच नसेल, तर तें सर्व्हरपर्यंत पोहोंचलेंच नाहीं. कर्मचाऱ्याच्या संगणकानें पत्र द्यावयाचें तें ५८७ किंवा ४६५ क्रमांकाच्या दारानें, पासवर्ड दाखवून. सर्व्हरांनीं आपसांत बोलावयाचें तें २५ क्रमांकाच्या दारानें. या दोन दारांची गल्लत हा नेहमीचा दोष आहे.

पत्र सर्व्हरवर आलें, पण बाहेर पडेना. रांग वाढत चालली. आणि रोजनिशींत एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसते कीं, समोरून उत्तर न येतां वेळ संपली. अशा वेळीं प्रथम २५ क्रमांकाच्या दाराचा संशय घ्यावा. स्पॅम पाठविणाऱ्यांना आळा घालण्यासाठीं अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकांचें हें दार बाहेरच्या दिशेनें बंद ठेवितात. गूगल व ॲमेझॉन यांच्या भाड्याच्या संगणकांवरहि तें मुळांत बंदच असतें. सर्व्हरवरूनच दुसऱ्या एखाद्या सर्व्हरच्या २५ क्रमांकाशीं जोडणी करून पाहिली म्हणजे उलगडा होतो. मग कंपनीकडे अर्ज करून दार उघडून घ्यावें, अथवा जाणारें टपाल एखाद्या मध्यस्थ टपालसेवेमार्फत ५८७ नें पाठवावें.

दार उघडें आहे, पण पत्र नाकारलें जातें किंवा निमूटपणें स्पॅमच्या टोपलींत पडतें. येथें पतीचा प्रश्न सुरू होतो. पतीचे पुरावे चार आहेत. पहिला पुरावा उलट्या नोंदीचा. नांवावरून सर्व्हरचा आंकडी पत्ता सांपडतो, तसें आंकडी पत्त्यावरून नांवहि सांपडलें पाहिजे. या नोंदीला पीटीआर म्हणतात. डोमेन जेथून विकत घेतलें तेथें ती शोधून उपयोग नाहीं. तो आंकडा ज्या इंटरनेट कंपनीच्या मालकीचा, तिच्याकडूनच ती करून घ्यावी लागते. सर्व्हर आपलें जें नांव सांगतो तें, आणि या नोंदींतील नांव, एकच असावें. येथें एक आडवळणाचा दोष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. सर्व्हरला जुना व नवा असे दोन प्रकारचे आंकडी पत्ते असतात, आणि नव्या, म्हणजे आयपीव्ही-६ पत्त्याची उलटी नोंद करावयाची राहून जाते. मग जें पत्र जुन्या वाटेनें जातें तें पोहोंचतें, नव्या वाटेनें जातें तें परत येतें, आणि कारभारी चक्रावून जातो.

दुसरा पुरावा एसपीएफ. आमच्या नांवानें पत्र पाठविण्याचा अधिकार अमुक सर्व्हरांनाच आहे, असें तें जाहीर निवेदन असतें. डोमेनला असें निवेदन एकच असावें. हिशेबाच्या एखाद्या सेवेसाठीं कोणी दुसरें निवेदन भर घालून जोडतो, आणि दोन निवेदनें झालीं कीं दोन्हीं निकामी ठरतात. शिवाय तें वाचतांना दहांहून अधिक ठिकाणीं चौकशी करावी लागली, तर वाचणारा तें सोडून देतो. तिसरा पुरावा डीकेआयएम, म्हणजे पत्रावरची लाखेची मोहोर. सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीनें मोहोर उठवितो आणि तिची जाहीर प्रत डोमेनच्या नोंदींत ठेवितो. वाटेंत कोणी मजकुरांत बदल केला तर मोहोर फुटते. एखाद्या उपकरणानें पत्राच्या तळाशीं सूचना चिकटविली तरीहि फुटते. चौथा पुरावा डीमार्क. पत्रावर वाचकाला दिसणारें नांव आणि आधींच्या दोन पुराव्यांतील नांव जुळतें काय, व न जुळल्यास काय करावें, हें तो सांगतो. त्याच्या नोंदींत एक पत्ता दिला तर मोठीं टपालघरें आपल्या नांवानें काय काय येत आहे याचे अहवाल त्या पत्त्यावर पाठवूं लागतात. लहान कचेरीला विनामूल्य मिळणारी ही मोठीच बातमीदारी आहे.

हे पुरावे पूर्वीं ऐच्छिक मानले जात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं ते बंधनकारक केले : प्रत्येक पाठविणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकीं एक तरी हवें, आणि दिवसाला ५००० पत्रें पाठविणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क हीं तिन्हीं हवींत. लहान कचेरी ५००० चा आंकडा कधींच गांठणार नाहीं; तरीहि तिनें तिन्हीं करून ठेवावींत. ज्याची ओळख कमी, त्याला कागदपत्रें अधिक लागतात, हा जगाचा नियम येथेंहि लागू आहे.

पुरावे पुरे असूनहि नकार येत असेल, तर आपला आंकडी पत्ता एखाद्या काळ्या यादींत आहे काय तें पाहावें. घरगुती जोडणीचे बदलते पत्ते स्पॅमहॉस या संस्थेच्या एका यादींत मुळांतच असतात. तेथें गुन्हा कांहीं घडलेला नसतो, फक्त त्या पत्त्यावरून सर्व्हर चालविणें अपेक्षित नसतें. अशा वेळीं स्थिर पत्ता घेणें हाच उपाय. परंतु पूर्वीं नीट चालणारा सर्व्हर अचानक यादींत गेला, तर घरांत चोर शिरला आहे असें समजावें. कोणा एकाचा पासवर्ड चोरीला जातो आणि रात्रींतून त्याच्या नांवानें हजारों पत्रें सुटतात. येथें क्रम महत्त्वाचा आहे : आधीं तें खातें बंद करावें, पासवर्ड बदलावा, रांगेंतील खोटीं पत्रें काढून टाकावीं, आणि मगच यादींतून नांव काढण्याची विनंती करावी. चोर घरांत असतांनाच विनंती केली तर नांव पुन्हा यादींत जातें आणि दुसऱ्या खेपेस विनंतीचें वजन घटतें.

आतां येणाऱ्या टपालाकडे वळूं. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं भारतांत पिन कोड सुरू झाला. टपाल खात्यांतील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती योजना. लोअर परळचा ४०००१३ हा आंकडा पाहिला कीं सॉर्टरला प्रथम विभाग कळतो, मग जिल्हा, मग नेमकें टपालघर. ई-मेलच्या पत्त्याचेंहि तसेंच आहे. चिन्हाच्या उजवीकडील डोमेनवरून पाठविणारा सर्व्हर एमएक्स नांवाची नोंद शोधतो. तींत त्या डोमेनचें टपाल घेणाऱ्या सर्व्हरचें नांव असतें. नांवावरून आंकडी पत्ता मिळतो. आणि मग २५ क्रमांकाचें दार ठोठावलें जातें. पत्र येत नसेल तर याच क्रमानें चालत जावें. डोमेनची मुदत संपली आहे काय? एमएक्स नोंदींत नांवाऐवजीं आंकडा लिहिला गेला आहे काय? सर्व्हरची जागा बदलली, पण नोंद जुनीच राहिली काय? नोंद बदलली तरी जुनी प्रत जगांत ठिकठिकाणीं कांहीं काळ जपून ठेविलेली असते. म्हणून स्थलांतरापूर्वीं त्या प्रतीची मुदत कमी करून ठेवणें शहाणपणाचें.

नोंदी बरोबर असतील तर दार तपासावें. तपासणी कचेरीच्या आंतून करूं नये. आंतून दार उघडें दिसतें आणि बाहेरून बंद असतें. दुसऱ्या जोडणीवरून, बाहेरून ठोठावून पाहावें. राऊटरनें २५ क्रमांकाची जोडणी सर्व्हरकडे वळविली आहे काय, हें पाहावें. अनेक कंपन्या आज शेंकडों ग्राहकांना मिळून एकच जाहीर पत्ता देतात; अशा जोडणीवर बाहेरून कोणी दारापर्यंत पोहोंचूंच शकत नाहीं, मग आंत कितीहि खटपट केली तरी ती व्यर्थ.

दार उघडें असून पत्र नाकारलें जात असेल तर दोष आपल्याच द्वारपालाचा असतो. साठवणीची जागा संपली कीं सर्व्हर चारच्या आंकड्यानें पत्र परतवूं लागतो. जुन्या रोजनिशींनींच ती जागा खाल्लेली असते. दुसरा दोष फसवा आहे. येणाऱ्या पत्राची चौकशी स्पॅमहॉसच्या यादींत करावयाची, आणि ती चौकशी सर्वांसाठीं खुल्या असलेल्या नामसेवकामार्फत, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ मार्फत, पाठवावयाची अशी रचना असली, तर उत्तरादाखल यादीचा निकाल न येतां चूक दर्शविणारा एक आंकडा येतो. सर्व्हरला तो न कळल्यास प्रत्येक पत्र काळ्या यादींतील आहे असें समजून तो भल्याबुऱ्या सर्वांना हांकलून देतो. सर्व्हरवर स्वतःचा नामसेवक ठेविला म्हणजे हा दोष टळतो.

या सर्व गोंधळांत धीर देणारी एक गोष्ट आहे. ई-मेलची मूळ रीत चिकाटीची आहे. समोरचा सर्व्हर भेटला नाहीं, तर पाठविणाऱ्यानें पत्र टाकून न देतां चार-पांच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा, असें तींत सांगितलें आहे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळीं मुंबई व परिसरांतील वीज गेली, तेव्हां एखादा सर्व्हर कांहीं तास बंद पडला असला तरी त्याचीं पत्रें पाठविणाऱ्यांच्या रांगेंत वाट पाहत राहावींत, हीच ती रीत. डिलाईल रोडचा पूल २०१८ च्या जुलैमध्यें बंद झाला आणि पूर्णपणें खुला होण्यास २०२३ साल उजाडलें. तोंपर्यंत माणसें वळसा घेऊन गेलीं. तसा वळसा ई-मेललाहि देतां येतो : एमएक्सच्या एकाहून अधिक नोंदी ठेवून, लहान आंकड्याचा सर्व्हर न भेटल्यास मोठ्या आंकड्याच्या सर्व्हरकडे जावें, असें सांगतां येतें. परंतु हा दुसरा सर्व्हर पहिल्याइतका सावध नसेल तर स्पॅमवाले तेंच मागील दार पकडतात. पांच दिवसांची चिकाटी हाताशीं असतांना दहा माणसांच्या कचेरीला वळशाची गरज क्वचितच असते. मात्र पांच दिवसांची ही मुदत चार आंकड्यालाच लागू आहे. पांच आंकड्यानें नाकारलेलें पत्र तत्क्षणीं परत जातें. म्हणून दुरुस्ती चालू असतांना चुकीच्या सेटिंगाचा सर्व्हर उघडा ठेवण्यापेक्षां तो सरळ बंद ठेवणें अधिक सुरक्षित.

घड्याळाचीहि गोष्ट सांगितली पाहिजे. सर्व्हरचें घड्याळ चुकलें तर रोजनिशींतील वेळ समोरच्याच्या नोंदींशीं जुळत नाहीं आणि शोध भरकटतो. प्रमाणपत्रेंहि मुदतीबाहेरचीं ठरतात. जागतिक वेळेंत लिहिलेली नोंद भारतीय वेळेहून साडेपांच तास मागें असते, हें विसरून अनेकांनीं चुकीच्या रात्रीचीं पानें चाळलीं आहेत. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनीं तर संस्थांना घड्याळें सरकारी वेळेशीं मिळवून ठेवणें आणि १८० दिवसांच्या रोजनिशी जपणें बंधनकारक केलें आहे. कायद्यासाठीं जपलेली ही वही दोष शोधतांनाहि सर्वांत अधिक उपयोगीं पडते.

दुरुस्तीचा एक नियम सर्वांच्या वर आहे : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बदल लिहून ठेवावा, आणि नंतर एक चांचणीचें पत्र पाठवावें. घाईनें चार गोष्टी बदलल्या आणि पत्र जाऊं लागलें, तरी कोणत्या औषधानें गुण आला तें कळत नाहीं, आणि उरलेलीं तीन औषधें पुढील आजाराचीं बीजें होतात. महिन्यांतून एकदां, दुखणें नसतांनाहि, बाहेरच्या दोन निरनिराळ्या टपालघरांकडे पत्र पाठवून तें पेटींत पडलें कीं टोपलींत, हें पाहावें. साठवणीची जागा, प्रमाणपत्राची व डोमेनची मुदत पाहावी. आणि राखून ठेविलेल्या प्रतींतून एखादें जुनें पत्र खरोखर परत काढतां येतें काय, हेंहि अजमावून पाहावें.

एवढा व्याप सांभाळणें ज्यांना शक्य नसेल त्यांच्यासाठीं मधला मार्ग आहे. येणारें टपाल आणि जुना संग्रह स्वतःच्या कपाटांत ठेवावा. जाणारें टपाल मात्र पत असलेल्या मध्यस्थाच्या हातीं द्यावें. यांत कमीपणा नाहीं. परंतु सर्वांनींच सगळें टपाल चारदोन मोठ्या घरांच्या स्वाधीन केलें, तर अनोळखी पत्र घ्यावें कीं न घ्यावें याचा निर्णयहि त्याच चारदोन घरांच्या हातीं जाईल, हें विसरूं नये. लहान टपालघर नीट चालविणारा प्रत्येक माणूस, चिकाटीनें आपली पत राखून, हा व्यवहार सर्वांसाठीं थोडा खुला ठेवीत असतो. त्याला कोणी शाबासकी देत नाहीं. पत्र वेळेवर पोहोंचलें, एवढीच त्याच्या कामाची पावती.